पीएस-५साठी हेडसेट किंवा कॅमेरा घेताय? आधी हे तपासा

मोबाइलला जोडला जाणारा ब्लूटूथ हेडफोन प्लेस्टेशन ५ला थेट जोडता येत नाही. मग काय चालतं? ३.५ मिमी जॅकचा हेडसेट कंट्रोलरला लावा. वायरलेसच हवा असेल, तर पीएस-५वर चालणारा यूएसबी डोंगल सोबत आहे का, ते खोक्यावर पाहा. फक्त एक्सबॉक्ससाठी बनवलेला वायरलेस हेडसेट घेऊ नका.

कॅमेऱ्याचं गणित वेगळं आहे. लाइव्ह खेळताना चेहरा दाखवायला सोनीचा १०८०पी एचडी कॅमेरा लागतो. पीएस-४चा जुना कॅमेरा पीएस-५वर फक्त पहिल्या पीएस व्हीआरसाठी, तोही अ‍ॅडॅप्टर लावून चालतो. पीएस व्हीआर २ला वेगळा कॅमेरा लागतच नाही, तो खर्च वाचवा.