नाव वेष्टनाचे, गुण फितीचे

पोस्टाच्या तिकिटांच्या संग्रहात जे दिसते तेच जमवायचे असते. ध्वनिफितीचे तसे नाही. वेष्टनावरचे नाव, रंग, सोनेरी अक्षरे हे छापखान्याचे काम. फितीचे गुणदोष ठरतात ते कारखान्यात, आणि नावाशी त्यांचा मेळ बसेलच असे नाही. एकाच नावाखाली निरनिराळ्या काळात निरनिराळ्या फिती विकल्या गेल्या, आणि एकच फीत दोन-तीन नावांनीही बाजारात आली. म्हणून जुन्या ब्रँडचे स्पूल आणि कोऱ्या कॅसेटी जमवणाऱ्याने संग्रह लावायचा कसा, याला माझे उत्तर असे आहे: आधी घडणीने, मग कारखान्याने आणि सालाने, नावाने सर्वांत शेवटी. (एचएमव्ही किंवा पुण्याच्या अलूरकरांच्या गाणी भरलेल्या कॅसेटींचा संग्रह हा वेगळा छंद आहे. तो इथे विचारात घेतलेला नाही.)

घडण म्हणजे तीन गोष्टी: पाठीमागची पट्टी, तिच्यावरची चुंबकीय पूड आणि ती पूड पट्टीला धरून ठेवणारा बाइंडर. कॅसेटमध्ये चौथी भर पडते ती कवचाची.

पट्टीचा इतिहास कागदापासून सुरू होतो. फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ साली जर्मनीत कागदावर लोहचूर्ण चढवून फीत केली. पुढे एईजीने यंत्र आणि बीएएसएफने फीत अशी वाटणी झाली आणि १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन लोकांपुढे आला. तोवर कागद जाऊन सेल्युलोज अॅसिटेट आले होते. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी लुडविग्सहाफेन इथे थॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिकची मैफल या फितीवर घेतली गेली आणि ती आजही ऐकता येते. अमेरिकेत थ्रीएमची स्कॉच १११ आली तीही अॅसिटेटचीच. नंतर अॅसिटेट मागे पडले आणि पॉलिएस्टर रुळले.

या दोहोंतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईच्या चोर बाजारात मी एकदा सात इंची स्पूलचा पुठ्ठ्याचा डबा घेतला. डब्यावर नाव मोठ्या कंपनीचे, साल सत्तरच्या पुढचे, पॉलिएस्टर असे स्वच्छ छापलेले. घरी येऊन स्पूल ट्यूबलाइटसमोर आडवा धरला तर फितीच्या थरांतून चहाच्या रंगाचा उजेड पलीकडून दिसला. म्हणजे अॅसिटेट. पॉलिएस्टरचा गठ्ठा काळाकुट्ट दिसतो, त्यातून उजेड येत नाही. नाकाजवळ नेला तेव्हा व्हिनेगरचा पुसट वास आला आणि उरलीसुरली शंका गेली. कुणीतरी जुना स्पूल नव्या डब्यात घालून ठेवला होता. हे फार सर्रास चालते, कारण वापरणाऱ्याला डबा हा फक्त डबा असतो. अॅसिटेट जुने झाले की ठिसूळ होते, पण तुटते ते काडीसारखे स्वच्छ आणि तुकडे नीट जोडता येतात. पॉलिएस्टर तुटायच्या आधी ताणले जाते आणि ताणलेल्या भागातला आवाज कायमचा वेडावाकडा होतो. मजबूत म्हणून आणलेल्या पट्टीचा हा एक उणेपणा आहे.

पुडीच्या बाबतीत नावाचा घोळ सर्वांत मोठा. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॉम्पॅक्ट कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतल्या ३८ सेंटिमीटरच्या वेगापुढे ही चाल मुंगीची. इतक्या अरुंद, संथ फितीवर संगीत बसवायचे तर पूडच सुधारायला हवी होती, आणि कॅसेटीचा पुढचा सगळा इतिहास या सुधारणेचा आहे. टाइप एक म्हणजे साधे लोह ऑक्साइड. टाइप दोन म्हणजे क्रोम. टाइप तीन, लोह आणि क्रोमचे दोन थर, अल्पायुषी ठरला. टाइप चार म्हणजे ऑक्साइड नसलेले शुद्ध लोहकण, ज्याला दुकानदार ‘मेटल’ म्हणत. थ्रीएमची मेटाफाइन ही या जातीतली पहिली.

आता गंमत टाइप दोनची. डेकच्या बटणावर क्रोमचे चिन्ह असते आणि लोकही ‘क्रोम कॅसेट’ म्हणतात. पण क्रोमियम डायऑक्साइडची पेटंटे अमेरिकेच्या ड्यूपॉन्टकडे होती. जपानी कंपन्यांनी त्यावर तोडगा काढला: लोह ऑक्साइडच्या कणांना कोबाल्टची जोड द्यायची आणि क्रोमसारखे गुण मिळवायचे. टीडीकेची एसए १९७५ साली आली ती अशी. मॅक्सेलची एक्सएल-टू त्याच वाटेची. म्हणजे आपल्याकडे आखातातून येणाऱ्या पाहुण्यांच्या सुटकेसमधून ज्या ‘क्रोम’ कॅसेटी उतरल्या, त्यांतल्या बऱ्याचशांत क्रोमचा कणही नव्हता. अस्सल क्रोम हवे असेल तर बीएएसएफच्या जुन्या कॅसेटी शोधाव्या लागतात. संग्रहात एसए आणि बीएएसएफची क्रोम एकाच कप्प्यात ठेवणे डेकच्या दृष्टीने बरोबर, रसायनाच्या दृष्टीने चूक आहे.

टाइप कोणता हे कवचच सांगते. रेकॉर्डिंग पुसले जाऊ नये म्हणून मागच्या कडेचे जे चौकोनी तुकडे आपण तोडायचो, त्यांच्या शेजारी टाइप दोनला आणखी एकेक खाच असते. मेटलला मध्याकडे अजून दोन. त्या खाचांवरून डेक आपोआप टाइप ओळखतो. कवचाचे कौतुक मात्र बेतानेच करावे. टीडीकेची एमए-आर, १९७९ सालची, ओतीव धातूच्या चौकटीची. हातात घेतली की कॅसेट आहे असे वाटतच नाही, इतकी जड. ती देखणी आहे यात वाद नाही, पण केवळ कवचापायी तिच्या मागे धावणारे संग्राहक मला दागिन्यांच्या डब्या जमवणाऱ्यांसारखे वाटतात. पाच स्क्रूंच्या साध्या कवचात काय पाहावे? आतले घसरते कागद जागेवर आहेत का, फेल्टचा प्रेशर पॅड सुटलेला नाही ना, गुंडाळी सपाट आहे की पायऱ्या पडल्या आहेत. नकली मालात ते कागद हमखास गाळलेले असत.

लांबीचे गणित सरळ आहे. कवच तेवढेच, मग वेळ वाढवायचा तर फीत पातळ करायची. सी-६० मध्ये सुमारे १८ मायक्रॉन जाडी, सी-९० मध्ये १२, सी-१२० मध्ये ९. रात्रभराचे कीर्तन एकाच कॅसेटमध्ये बसवू पाहणाऱ्यांनी सी-१२० घेतल्या आणि पेन्सिलीने गुंडाळत बसले.

बाइंडर हा सर्वांत दुर्लक्षित घटक, आणि संग्रह बुडवतो तो हाच. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंत बड्या स्टुडिओंत ॲम्पेक्सच्या ४०६ आणि ४५६ या फिती वापरात होत्या. त्या काळातल्या उत्तम मानलेल्या. त्यांच्या बाइंडरमधले पॉलियुरेथेन हवेतले पाणी शोषून घेते आणि विघटित होऊन चिकट होते. असा स्पूल यंत्रावर चढवला की तो किंचाळतो, हेडवर तपकिरी साका बसतो आणि आवाज त्या साक्यासोबत निघून येतो. स्कॉच २२६ चीही तीच गत. याच्या उलट पन्नासच्या दशकातली स्वस्त फीत पुष्कळदा आजही मुकाट वाजते. महाग आणि नामवंत माल आजारी, जुना आणि सामान्य माल ठणठणीत, हा उलटा न्याय पाहिल्यावर नावावर विसंबून फीत घेणे मी सोडले.

यावर उपाय आहे, तो तात्पुरता. स्पूल ५० ते ५५ अंश सेल्सिअसला, तापमान नेमके राखणाऱ्या यंत्रात, आठ तास किंवा त्याहून अधिक शेकायचा. मग काही आठवडे तो वाजतो, तेवढ्यात आवाज उतरवून घ्यायचा. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये. आणि अॅसिटेट कधीच शेकू नये, ते आक्रसून वाया जाते. आधी ट्यूबलाइटसमोर धरायचे ते यासाठी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातला ओलावा ८० टक्क्यांच्या वर जातो, तेव्हा फितीच्या कडेला पांढरी बुरशीही धरते. अशी फीत थेट डेकमध्ये घातली तर ती बुरशी पुढच्या दहा कॅसेटींना लागते.

सीलबंद कॅसेटीला जास्त भाव मिळतो. बाजाराचा तो नियम मला संग्रहाच्या दृष्टीने उफराटा वाटतो. सील न फोडलेल्या कॅसेटीतली फीत कशी आहे हे कुणालाच ठाऊक नसते, तर वापरलेल्या कॅसेटीवर निदान पुरावा असतो: कार्डावरची तारीख, आवाज, कधीकधी एखाद्या खासगी बैठकीचा राग. जुनी मेटल कॅसेट स्वस्तात मिळाली म्हणून तिच्यावर नवे काही भरण्याआधी दोन्ही बाजू पूर्ण ऐकाव्यात.

कारखान्यांची गोष्ट नावांपेक्षा लांब चालली. आग्फाचा फितींचा धंदा बीएएसएफकडे गेला, बीएएसएफचा एमटेककडे, ॲम्पेक्सचा क्वांटेजीकडे. थ्रीएमने १९९६ मध्ये ध्वनिफीत करणे थांबवले. फ्रान्समध्ये आव्रांश गावी रेकॉर्डिंग द मास्टर्स ही कंपनी आजही स्पूलची फीत करते, आग्फा आणि बीएएसएफच्या वारशातली. डब्यावर नाव नवे आहे. आग्फाचा ४६८ हा आकडा मात्र तसाच छापलेला असतो.