बर्वे प्रकरण: पत्रकारितेच्या वर्गात शिकवावा असा कोल्हापूरचा खटला

बारावीचे निकाल लागले की आपल्याकडं एक प्रश्न हमखास येतो: पत्रकारितेची पदवी घ्यावी का? बराच काळ आपल्याकडं आधी कुठलीतरी पदवी आणि मग वर्षभराचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम, असाच रिवाज होता. आता बारावीनंतर थेट तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. घरचे मात्र अजून विचारतात, बातमी लिहायला तीन वर्षं कशाला लागतात? या प्रश्नावर मी उत्तराऐवजी एक गोष्ट सांगतो. आपल्या कोल्हापूरचीच आहे, आणि थोडी अडचणीची आहे.

साल 1881. 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच सुरू झाले होते. केसरीचे संपादक आगरकर, मराठ्याचे टिळक. दोघंही 1856 चे, दोघंही जुलैत जन्मलेले, म्हणजे पंचविशीतली पोरं! टिळकांनी 1879 मध्ये कायद्याची पदवी घेतलेली. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, म्हणजे आजच्या शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतले. पत्रकारितेची पदवी कुणाकडंच नव्हती. तेव्हा ती जगातच नव्हती म्हणा ना. अमेरिकेतल्या मिसुरीत पत्रकारितेचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं ते 1908 मध्ये, आणि आपल्याकडं लाहोरला पंजाब विद्यापीठात असा वर्ग सुरू झाला 1941 मध्ये.

इकडं कोल्हापुरात गादीवर होते चौथे शिवाजी महाराज. 1871 मध्ये दत्तक आलेले, वयानं लहान. त्यांना वेड लागलंय असं सरकारनं ठरवलं होतं आणि कारभार पाहत होते माधवराव बर्वे. महाराजांचा छळ होतो, अशी कुजबुज गावात होती आणि पुण्यापर्यंत पोचली होती. पुण्यातल्या दोन्ही पत्रांनी हा विषय उचलून धरला. या प्रकरणात बर्वे यांचा हात आहे असं दाखवणारी काही पत्रं त्यांच्यापर्यंत आली. लेख छापले गेले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली.

आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली.

इथं जरा थांबू. आपण हा खटला सहसा टिळक-आगरकरांचा पहिला तुरुंगवास म्हणून, अभिमानानं सांगतो. अभिमान ठीक आहे. पण वर्गात शिकवायचा तर मी त्यातलं हे कागदाचं प्रकरण आधी शिकवीन. पत्र कुणाच्या हातून आलं? त्याचा यात काय फायदा? अक्षर कुणी ओळखलं? ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारलं का? हे प्रश्न न सुटता मजकूर छापखान्यात गेला तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. आणि दोघांपैकी एक तर कायदा शिकलेला होता! भारतीय दंडविधानातलं अब्रुनुकसानीचं कलम, 499, तेव्हा वीस-बावीस वर्षांचं होतं. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात आहे.

पत्रं खोटी ठरल्यावर दोघांनी माफी मागितली. फिर्यादी मागे हटले नाहीत. खटला चालू असतानाच, मार्च 1882 मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. शेवटी 17 जुलैला निकाल लागला: चार महिन्यांची साधी कैद. म्हणजे आगरकरांना सत्ताविसावं लागून तीन दिवस झाले होते आणि टिळकांचा वाढदिवस सहा दिवसांवर आला होता. तो मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात गेला. 26 ऑक्टोबरला दोघं सुटले, एकशे एक दिवसांनी. त्यावर आगरकरांनी पुस्तकच लिहिलं.

या खटल्यात मदतीला कोण धावलं तेही ऐका. दहा हजारांच्या जामिनाची सोय जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे यांनी केली. पुण्यात ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, त्यांच्यातला हा व्यवहार. आणि कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नाटक करून खटल्यासाठी पैसे उभे केले. त्यात काम करणाऱ्यांत एक होते गोपाळ कृष्ण गोखले. पुढं 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला तेव्हा त्याची इंग्रजी बाजू याच गोखल्यांनी सांभाळली. आमच्या कॉलेजचा पत्रकारितेशी पहिला संबंध हा असा आला, तोंडाला रंग लावून.

आता गोष्टीतली खरी पंचाईत. पत्रं खोटी होती, पण महाराजांबद्दलची काळजीही खोटी होती का? 25 डिसेंबर 1883 रोजी, म्हणजे संपादक सुटून चौदा महिने झाले होते, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. त्यांच्यावर देखरेखीला नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर. वय जेमतेम वीस. बर्वे यांच्यावरचा आरोप त्यामुळं सिद्ध होत नाही, हे आधी सांगतो. पण महाराजांना ज्या कोंडवाड्यात ठेवलं होतं त्याबद्दल विचारायला हवं होतं, आणि कच्च्या पुराव्यापायी विचारणारेच तुरुंगात जाऊन बसले. एवढं झाल्यावर त्या विषयाला पुन्हा हात घालायचा तर कुणी, आणि कशाच्या जोरावर?

गादी रिकामी झाली. मार्च 1884 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला, तेच आपले शाहू महाराज. पुढं 1920 मध्ये तरुण बाबासाहेब आंबेडकरांना 'मूकनायक' काढायचा होता, तेव्हा त्यांना अडीच हजार रुपये दिले ते याच राजानं.