रानातून बांधीत : सौंदड परिसरातील शेणखताचा इतिहास

सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तेथील धानशेती मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यातील, तलावांच्या पाण्यावर जितकी उभी राहिली, तितकीच ती भोवतालच्या रानावरही उभी राहिली. मात्र तलावांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि रानाचे हे ऋण बहुधा दुर्लक्षित राहिले.

गावची गुरे सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, जमत आणि गुराख्यामागे रानात जात; संध्याकाळी ती गोठ्यात परतली की रात्रीचे शेण, मूत्राने भिजलेले तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चुलीतली राख उकिरड्यावर पडे, आणि उन्हाळ्यात ते कुजलेले खत बंडीने बांध्यांत, म्हणजे धुऱ्यांनी वेढलेल्या धानाच्या खाचरांत, नेले जाई. रानातल्या गवताचा कस असा शेतात उतरे, आणि पिवळसर, रेताड अशा सिहार जमिनीला त्याची गरज विशेष होती.

गोवऱ्या थापल्या की हेच शेण चुलीत जाई. ब्रिटिश कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी भारतीय शेतीवरील 1893 च्या अहवालात याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात न शोधता सरपणाच्या टंचाईत शोधले, हे त्यांचे मोठेपण होय.

टनभर कुजलेल्या शेणखतात नत्र जेमतेम पाच किलो असते, आणि तेवढे नत्र सुमारे अकरा किलो युरियातूनही मिळते. परंतु या हिशेबात खताचे खरे काम येत नाही. चिखलणीने दरवर्षी मोडणारी मातीची कणरचना सेंद्रिय पदार्थांमुळे पुन्हा सावरते, ओल टिकते आणि धानानंतरच्या लाखोरीला, म्हणजे लाखेच्या डाळीच्या पिकाला, भुसभुशीत जमीन मिळते. तणसासह टाकलेले कच्चे खत मात्र उलट परिणाम करते, कारण ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतले नत्र स्वतःच वापरतात आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, पिवळे पडतात. हवा, ओल आणि ढीग पलटणे यांवर आधारलेली कुजवण्याची रीत कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे बसवली आणि 1931 मध्ये पुस्तकरूपाने मांडली.

पुढे 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य आणि 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, तेथील चराईवर बंधने आली आणि ट्रॅक्टरमुळे बैलही घटले; साहजिकच शेणखत अपुरे पडू लागले. धानाला हेक्टरी दहा टन शेणखताची शिफारस सर्रास केली जाते. दिवसाला दहा किलो शेण आणि कुजताना निम्मी घट धरली, तर त्यासाठी पाच-सहा जनावरांचे वर्षभराचे सगळे शेण लागते, आणि चरणाऱ्या जनावराचे दिवसाचे शेण तर रानातच पडते.