खंड, बहिष्कार आणि पोपची आज्ञा

कॅथलिक माणसाने पोपचे कितपत ऐकावे, या प्रश्नाची आपल्याकडे दोन उत्तरे ऐकू येतात. एक असे की, त्यांना पोपचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. दुसरे असे की, आताशा ऐकतो कोण? दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. खरे उत्तर पाहावयाचे तर श्रद्धाळू माणसांच्या पोटावर पाय आला आणि नेमकी त्याच वेळी रोमची आज्ञा पाय देणाऱ्याच्या बाजूने उतरली, असा प्रसंग घ्यावा. १८८८ साली आयर्लंडात असा प्रसंग घडला. तो मी निवडला याला माझा धंदाही कारण आहे. संप, वर्गणी आणि बहिष्कार यांत ज्याची उमेद गेली त्याला त्या हुकुमातला शब्द न् शब्द ओळखीचा वाटतो.

आयर्लंडातली कुळे बहुतेक कॅथलिक, जमीनदार बहुतांशी प्रॉटेस्टंट. १८७९ च्या ऑक्टोबरात डब्लिनला लँड लीग निघाली. तिचा अध्यक्ष पार्नेल हा स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार होता. तिचा खरा संघटक मायकेल डॅव्हिट हा मात्र जमिनीवरून हाकललेल्या कुळाचा मुलगा. वयाच्या अकराव्या वर्षी लँकेशायरच्या कापड गिरणीत त्याचा उजवा हात यंत्राने नेला. पुढच्याच वर्षी मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याला लोकांनी वाळीत टाकले. पीक कापायला मजूर मिळेना, दुकानदार माल देईना. त्याचे आडनाव इंग्रजी भाषेत क्रियापद होऊन बसले आणि पंचवीस वर्षांनी लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत ते 'बहिष्कार' होऊन आपल्या घरी आले.

पुढे शेतमालाचे भाव कोसळले. खंड मात्र जिथल्या तिथे. तेव्हा २३ ऑक्टोबर १८८६ च्या 'युनायटेड आयर्लंड' पत्रात 'प्लॅन ऑफ कॅम्पेन' प्रसिद्ध झाला. एका इस्टेटीवरच्या कुळांनी एकत्र बसून वाजवी खंड किती ते ठरवावे. जमीनदाराने तो नाकारला तर तीच रक्कम पंचांच्या हवाली करावी. जे घरादाराबाहेर काढले जातील त्यांना त्यातून पोसावे. आणि कोणी एकट्याने तडजोड करू नये. आमच्या भाषेत सांगायचे तर सामुदायिक मागणी आणि संपाचा फंड. जॉन डिलन आणि विल्यम ओब्रायन हे तिचे पुढारी, आणि कित्येक गावचे धर्मगुरू तिच्या पाठीशी उभे होते.

इंग्लंडच्या सरकारला रोमचे वजन हवेच होते. १८८७ साली पोप तेरावे लिओ यांनी आर्चबिशप पेर्सिको यांना चौकशीसाठी आयर्लंडला धाडले. हे गृहस्थ मुंबईला अनोळखी नाहीत. १८५० च्या सुमारास ते बिशप हार्टमन यांच्याबरोबर मुंबईत आले होते आणि येथील कॅथलिक 'एक्झामिनर' पत्राच्या स्थापनेत त्यांचा हात होता. १८५३ साली रोमने नेमलेल्या बिशपचे ऐकायचे की पोर्तुगालच्या राजाच्या हक्काचे, या भांडणात माहीमच्या सेंट मायकेल देवळात हार्टमनना कोंडून घेऊन बसावे लागले, तो काळ यांनी पाहिलेला. आज्ञापालनाचा वाद त्यांना नवा नव्हता. आयर्लंडातल्या बिशपांना विचारल्याखेरीज काही करू नये, असा त्यांचा कल होता, हे पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांवरून दिसते.

रोमने वाट पाहिली नाही. २० एप्रिल १८८८ रोजी होली ऑफिसने निकाल दिला : खंडाच्या तंट्यात ही योजना आणि बहिष्कार वापरणे धर्माला मान्य नाही. कारणे दिली ती अशी की, खंडाचा करार दोघांच्या संमतीने झालेला असतो; तो जाचक वाटला तर कोर्टे आहेत; फंडाचे पैसे कुळांकडून जबरीने काढले जातात; आणि बहिष्कार हा न्याय व दयाधर्म यांना सोडून आहे.

आता कुळाने काय करावे? १७ मे रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाऊसमध्ये आयर्लंडचे कॅथलिक खासदार जमले आणि आमच्या राजकीय कारभारात हात घालण्याचा रोमला अधिकार नाही, असा ठराव त्यांनी केला. बिशपांनी महिनाअखेरीस तोल सांभाळला : निकाल नीतीपुरता आहे, राजकारणापुरता नाही, असे ते म्हणाले. जूनमध्ये पोपने पुन्हा पत्र लिहून निकाल पाळलाच पाहिजे असे बजावले. तरी योजना चालू राहिली, आणि ती चालविणारी माणसे रविवारी देवळात गुडघे टेकीतच होती.

हे ढोंग होते काय? मला तसे वाटत नाही. १८ जुलै १८७० रोजी व्हॅटिकन परिषदेने पोपला प्रमादरहित ठरविले, पण फार आखून. सर्व ख्रिस्ती जगाचा गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयीचा सिद्धांत साऱ्या चर्चने धरून ठेवावा असे तो जाहीर करतो, तेव्हाच. त्याखालच्या नित्याच्या उपदेशालाही आदराने मान द्यावयाचा असतो; १९६४ सालच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ते स्पष्ट शब्दांत सांगितले. पण एखाद्या देशातल्या एखाद्या चळवळीवरचा निकाल हा अर्धा तत्त्वावर आणि अर्धा वस्तुस्थितीच्या माहितीवर उभा असतो. तत्त्व आयरिश कुळालाही कबूल होते : मोकळ्या मनाने केलेला रास्त करार मोडू नये. त्याचे म्हणणे एवढेच की, माझा करार मोकळा नव्हता. जमीन सोडली तर उपासमार, मग संमती कसली? आणि कोर्टाचे म्हणाल, तर मुदतपट्ट्याच्या कुळांना १८८७ पर्यंत त्या कोर्टाची पायरीच चढता येत नव्हती.

जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५ साली नॉरफोकच्या ड्यूकला लिहिलेल्या जाहीर पत्रात हीच रेघ ओढली होती. पोपचे हुकूम आणि राजकारभार प्रमादरहित नाहीत, आणि सदसद्विवेकबुद्धीचे स्थान आधीचे. मात्र, आणि हे 'मात्र' लोक विसरतात, देवासमोर उभे राहून 'हे माझ्याच्याने होणार नाही' असे म्हणता आले पाहिजे; नाही तर आज्ञा पाळावी. पुराव्याचा भार न पाळणाऱ्यावर. या न्यूमनना १८७९ साली कार्डिनल केले ते याच लिओ पोपने. आमच्या युनियनमधल्या वसईच्या एका कॅथलिक सभासदाने मला एकदा विचारले होते की, बहिष्कार हे पाप आहे काय? त्याला मी न्यूमनचा हा 'मात्र' सांगितला. तो दोन दिवस विचार करून मग पिकेटिंगला आला.

करार संमतीचा म्हणून न्याय्य, हे १८८८ चे कारण. आता १५ मे १८९१ चे, त्याच पोपचे 'रेरुम नोव्हारुम' काढून वाचा. मजुराने मजुरी कबूल केली एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा धास्तीने त्याने कमी मजुरी पत्करली तर त्याच्यावर बळजबरी झाली असे समजावे, अशा अर्थाचे त्यात आहे. कामगारांना संघ काढण्याचा हक्कही आहे. कुळाने तीन वर्षांपूर्वी दुसरे काय म्हटले होते? पोप खंडाबद्दल चुकले असे त्यांनी कधी म्हटले नाही, पण तर्क डॅव्हिटच्या अंगणात येऊन उभा राहिला. (१९६८ साली संततिनियमनावरच्या पत्रकानंतर हा सारा वाद जगभर पुन्हा पेटला, त्याला वेगळी संध्याकाळ हवी.)

पण लोकांनी धर्मगुरूंना एकदा झिडकारले म्हणजे कायमचे झिडकारले, असे समजू नये. १८९० च्या डिसेंबरात, एका घटस्फोटाच्या दाव्यात नाव गोवले गेल्यावर, बिशपांनी पार्नेल पुढारीपणाला नालायक असे जाहीर केले. दोन वर्षांपूर्वी रोमला 'हे आमचे आम्ही पाहू' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण या वेळी बिशपांच्या बाजूला गेले. पक्ष फुटला, आणि योजनेचा फंडही त्या फुटीत आटला.

आज्ञा पाळणाऱ्यालाही भेकड म्हणू नये. लिमरिकचे बिशप ओड्वायर यांनी १८८८ चा निकाल अक्षरशः लागू केला, आणि त्यापायी डिलनशी त्यांचे जाहीर भांडण झाले. कुळांनी त्यांना जमीनदारांचा माणूस म्हटले. १९१६ साली डब्लिनच्या उठावानंतर जनरल मॅक्सवेलने पकडलेल्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि दोन देशभक्त पाद्र्यांना आवरा म्हणून ओड्वायरना लिहिले. म्हाताऱ्या बिशपने साफ नकार दिला, शरण आलेल्यांना मारणाऱ्या राजवटीचा त्याच पत्रात धिक्कार केला, आणि ते पत्र आयर्लंडभर वाचले गेले.