लॅपटॉप तापतोय, फॅन आवाज करतोय? दुकानात नेण्याआधी हे करून बघा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझा लॅपटॉप प्रोजेक्टचं काम सुरू असतानाच बंद पडायचा. दुकानात मदरबोर्ड बदलायला सांगितलं. खरं कारण निघालं फॅनजवळ साचलेली धूळ! म्हणून आधी कारण शोधा आणि फुकटच्या उपायांपासून सुरुवात करा.

नेमकं काय होतं?

प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून धातूच्या पातळ पट्ट्यांच्या जाळीपर्यंत जाते आणि फॅन ती बाहेर फेकतो. अनेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. गेम मध्येच अडकायला लागतो तो अनेकदा यामुळेच. तरीही तापमान वाढत राहिलं तर लॅपटॉप थेट बंद होतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं. त्यामुळे महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप आधी घ्या.

पायरी १: तापमान आणि आवाज तपासा

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे मोफत सॉफ्टवेअर टाका. गेम खेळताना ८०-९० अंश दिसले तर लगेच घाबरू नका. पण काहीच उघडलेलं नसतानाही तापमान ७० च्या वर राहत असेल, तर काहीतरी बिघडलंय.

आवाजही नीट ऐका. नुसता जोरात वाऱ्यासारखा आवाज येत असेल तर फॅन ठीक आहे, फक्त त्याला जास्त काम पडतंय. खरखर किंवा टकटक येत असेल तर बेअरिंग झिजलंय किंवा पात्यात काही अडकलंय.

पायरी २: स्क्रू न उघडता होणारे उपाय

- कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूच्या कॉलमवर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. नको असेल तर बंद करा.
- लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. टेबलावर ठेवा आणि मागची बाजू थोडी उचला.
- पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपमध्ये यामुळे टर्बो बूस्ट बंद होतो. वेग थोडा कमी होईल, पण तापमान चांगलंच उतरतं. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही.

पायरी ३: धूळ काढा

वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरलाच द्या. नसेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, तिला टोचू किंवा दाबू नका.

फॅनचं पातं टूथपिकने अडवून धरा आणि मगच एअर ब्लोअर मारा. पातं मोकळं ठेवलं तर ते प्रमाणाबाहेर फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. फॅन आणि जाळीच्या मध्ये धुळीचा थर बसतो, तो ब्रशने काढा.

पायरी ४: थर्मल पेस्ट

धूळ काढूनही तापमान उतरत नसेल, तर प्रोसेसरवरची पेस्ट सुकलेली असू शकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी पेस्ट पातळ थरात लावा. हीटसिंकचे स्क्रू त्यावर लिहिलेल्या क्रमानेच घट्ट करा. हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

खरखर तरीही थांबत नसेल तर फॅन बदला. तेल टाकून तात्पुरतं भागतं, पण आवाज बहुतेक वेळा परत येतो.

लक्षात ठेवा: फॅन खोलीतल्याच हवेने थंड करतो. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे खोलीच तापलेली असते, तेव्हा तापमान वाढणारच. म्हणून उपायाआधीचं आणि नंतरचं तापमान एकाच खोलीत, एकच काम करताना मोजा. आकडा उतरला तर उपाय लागू पडला. एवढं करूनही लॅपटॉप बंद पडत असेल, तरच मदरबोर्डची चर्चा करा.