ओव्याचं तेल जंतू मारतं हे खरं, पण जखमेवर आणि लेकरांना नको

आठवडी बाजारात हल्ली छोट्या बाटल्यांत ओव्याचं तेल मिळतं. लेबलवर ‘जंतुनाशक’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’ हे दोन शब्द हमखास असतात. शब्द खोटे नाहीत, पण त्यावरून लोक भलताच अर्थ काढतात.

हा ओवा म्हणजे मसाल्याच्या डब्यातला दाणा. कुंडीतला जाड पानांचा, ज्याची भजी करतात तो ओवा वेगळं झाड आहे. दाणे भरडून त्यातून वाफ सोडली, की १०० किलोमागं साधारण २ ते ४ किलो तेल निघतं. म्हणजे १० मिलीच्या बाटलीत पाव ते अर्धा किलो ओव्याचा अर्क आला. पोट दुखलं की आपण चिमूटभर ओवा चावतो. चमचाभर तेल त्याच्या जागी घेणं म्हणजे काय, ते यावरून समजा.

तेलातला मुख्य घटक थायमॉल, बहुधा ३५ ते ६० टक्के. त्याचे खडे म्हणजेच ओव्याचं फूल. हे फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एकत्र ठेवले की थेंबभर पाणी न घालता पातळ होतात. आपली अमृतधारा ती हीच.

थायमॉल जंतूच्या बाहेरच्या पातळ पडद्याला भोकं पाडतं, आतला ऐवज बाहेर गळतो आणि जंतू मरतो. प्रयोगशाळेत बशीत जंतू पसरून मधे तेल लावलेली कागदाची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेलं कडं दिसतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. गळवात पू करणारा स्टॅफिलोकोकस असा रोखला जातो. स्युडोमोनास मात्र चिवट, त्याला वरून आणखी एक आवरण असतं.

अँटिऑक्सिडंटचं म्हणाल तर गोडंतेल हवेनं खवट होतं, ती क्रिया थायमॉल मंद करतं. याची चाचणी जांभळ्या द्रावणावर होते. रंग उतरून पिवळा पडला की गुण आहे. पण बशीतलं द्रावण पिवळं पडलं म्हणून माणसाच्या अंगातला आजार गेला, असं होत नाही.

आता जखमेचं. विळा, खुरपं लागलं की तेल चोपडून कामाला लागणारे आपल्यात कमी नाहीत. धनुर्वाताचा जंतू खोल, हवा न पोचणाऱ्या जागी वाढतो. वरचं तेल तिथं जात नाही. उलट निव्वळ तेलानं कातडी भाजते. जखम वाहत्या पाण्यानं, साबणानं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. हे त्याच दिवशी करा, सुगी संपल्यावर नव्हे.

लेकरांच्या बाबतीत तर अजिबात प्रयोग नको. सर्दी झाली म्हणून तान्ह्याच्या नाकाजवळ अमृतधारा, कापूर किंवा नीलगिरीचं तेल लावू नका. कापूर किंवा नीलगिरी पोटात गेली तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, तेही थोड्या वेळात. मूल प्यायलंच तर ओकारी काढायला बोटं घालू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन जा.