होणारच होते, की होऊ शकले असते? रग्बी विश्वचषकाची बाद फेरी आणि चाहत्यांचा इतिहास

रग्बी विश्वचषकाच्या बाद फेरीपूर्वी चाहत्यांमध्ये जे वाद रंगतात त्यांची भाषा संकेतार्थी असते. पाऊस आला तर, कर्णधाराचा पाय बरा झाला तर, पंच कडक निघाला तर. सामना संपल्यावर तेच चाहते त्याच संघांविषयी बोलू लागतात तेव्हा हा संकेतार्थ नाहीसा होतो आणि 'हे होणारच होते' असे ठाम विधान त्याची जागा घेते. क्रियापदातला हा बदल इतिहासलेखनाच्या दृष्टीने आम्हांला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या भाषेत अनेक शक्यतांचे भान असते. दुसरीत ते हरवते, आणि इतिहास म्हणून मागे उरते ती बहुधा दुसरीच. न्यूझीलंडच्या 'ऑल ब्लॅक्स' संघाच्या उदाहरणावरून हे तपासून पाहता येईल.

पहिला विश्वचषक १९८७ साली झाला. ऑकलंडच्या अंतिम सामन्यात फ्रान्सला २९-९ असे हरवून न्यूझीलंडने तो घरच्या मैदानावर जिंकला. त्यानंतर प्रत्येक वेळी हा संघ दावेदारांच्या पहिल्या पंगतीत बसला आणि प्रत्येक वेळी उपाशी उठला. १९९१ मध्ये डब्लिनला ऑस्ट्रेलियाकडून ६-१६. १९९५ मध्ये जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, दक्षिण आफ्रिकेकडून १२-१५. १९९९ च्या उपांत्य सामन्यात तो २४-१० असा पुढे होता. मग फ्रान्सने सलग ३३ गुण मिळवले आणि सामना ४३-३१ असा जिंकला. २००३ साली सिडनीत ऑस्ट्रेलियाकडून १०-२२ अशी हार पत्करताना 'आणखी चार वर्षे थांबा' हा प्रतिस्पर्धी कर्णधार जॉर्ज ग्रेगनचा टोमणाही ऐकावा लागला. २००७ पर्यंत वादाचा विषयच पालटला होता. संघ उत्तम आहे याविषयी कोणाला शंका नव्हती. ऐन वेळी तो कच खातो का, एवढाच प्रश्न उरला होता.

त्या वर्षी साखळी फेरीत न्यूझीलंडने चार सामन्यांत ३०९ गुण केले. एक पक्ष या आकड्याकडे बोट दाखवी. दुसरा पक्ष म्हणे, इटली, पोर्तुगाल, स्कॉटलंड आणि रुमानिया यांच्यापुढे केलेल्या धावपळीने कस लागत नाही. प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांनी २२ प्रमुख खेळाडूंना 'सुपर १४' स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातून बाहेर ठेवून विश्रांती दिली होती. ही दूरदृष्टी की खेळाडूंना गंज चढवण्याचा प्रकार, यावरही तट पडले. यजमान फ्रान्स सलामीलाच अर्जेंटिनाकडून १२-१७ असा हरला होता. गटात दुसरा आल्यामुळे त्याला आपला देश सोडून वेल्समधील कार्डिफला खेळायला जावे लागले. त्याची आशा धरणारे अर्थातच थोडे होते.

६ ऑक्टोबर २००७ रोजी मध्यंतराला न्यूझीलंड १३-३ असा पुढे होता, आणि शेवटी १८-२० असा हरला. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायपूर्वी त्रायने मिशालाककडे दिलेला पास पुढच्या दिशेने गेला होता. रग्बीत हाताने चेंडू पुढे देण्यास मनाई आहे. पंच वेन बार्न्स यांच्या नजरेतून तो सुटला. खेळवणारा मोहरा डॅन कार्टर दुखापतीने बाहेर गेला, आणि त्याच्या जागी आलेला निक इव्हान्सही. अखेरच्या मिनिटांत संघ फ्रान्सच्या ट्राय-रेषेकडे धडका देत राहिला. तीन गुणांचा ड्रॉप गोल मारण्याचा प्रयत्न झाला तो उशिरा आणि दुरून.

पराभवानंतर या सुट्या गोष्टींची एक घट्ट कथा विणली गेली. विश्रांती हा गर्व ठरला, सोपा गट हा सापळा ठरला आणि न मारलेला ड्रॉप गोल हा भेदरलेपणाचा पुरावा ठरला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. शोकात्मिकेच्या कथानकात घटनांनी एकामागून एक संभवनीयतेने किंवा अनिवार्यतेने यावे अशी ॲरिस्टॉटलची अपेक्षा होती. निव्वळ योगायोगालाही हेतूचे रूप कसे चढते हे दाखवण्यासाठी त्याने आर्गोस येथील मिटिसच्या पुतळ्याचे उदाहरण दिले आहे. तो पुतळा मिटिसच्या मृत्यूला कारणीभूत झालेल्या माणसाच्याच अंगावर कोसळला. चाहत्यांनी कार्डिफच्या सामन्याला असाच आकार दिला. नायक मोठा, त्याच्या हातून प्रमाद घडलेला, म्हणून पतन अटळ. नाटककाराला जे शोभते ते इतिहासकाराने उसने घ्यावे का, हा आमचा प्रश्न आहे.

याचे एक उत्तर चार वर्षांनी मिळाले. हेन्री यांना हटवावे अशी मागणी होत असूनही त्यांचे पद कायम राहिले. कर्णधारही रिची मॅकॉच होता. २३ ऑक्टोबर २०११ रोजी ऑकलंडला पुन्हा फ्रान्सच समोर आला. हा फ्रान्स साखळीत टोंगाकडून हरला होता आणि खुद्द न्यूझीलंडकडून १७-३७ असा मार खाऊन बसला होता. कार्टर आणि स्लेड स्पर्धेतच जायबंदी झाले होते, क्रुडेन अंतिम सामन्यात झाला. मग स्टीफन डोनाल्ड मैदानात आला. तो मुळात संघातही नव्हता. बोलावणे आले तेव्हा तो नदीवर मासे पकडत होता. त्याच्या पेनल्टीच्या तीन गुणांवर न्यूझीलंडने ८-७ असा विजय मिळवला. उत्तरार्धात फ्रान्सच्या ट्रिन-डुकने दुरून मारलेली पेनल्टी हुकली. ती बसली असती तर 'कच खाणारा संघ' या कथेला आणखी एक अध्याय जोडला गेला असता, आणि तोही तितकाच पटला असता. ती हुकली म्हणून त्याच प्रशिक्षकाची चिकाटी आणि त्याच कर्णधाराचे धैर्य यांची कथा लिहिली गेली.

साधे गणितही येथे उपयोगी पडते. आठ संघांच्या बाद फेरीत चषकासाठी सलग तीन सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामन्यात दहापैकी आठ वेळा जिंकेल असा बलाढ्य संघ घेतला, तरी तिन्ही जिंकण्याची शक्यता ५१ टक्केच भरते. दहापैकी सात धरले तर ३४ टक्के. म्हणजे दावेदाराचे हरणे हे स्पर्धेच्या रचनेतच आहे. सलग पाच अपयशे केवळ योगायोगाची होती असे आम्ही म्हणत नाही. कौशल्य, दडपण, नियोजन यांचा वाटा असतोच. मात्र वेगवेगळ्या खेळाडूंच्या, वेगवेगळ्या मैदानांवरच्या पाच हारींना एकच स्वभाव चिकटवायचा असेल, तर पुरावा स्वतंत्रपणे द्यावा लागेल. निकाल हाच पुरावा धरला की युक्तिवाद गोल फिरतो.

२०२३ साली हे पुन्हा घडले. गटांची सोडत डिसेंबर २०२० मध्येच, त्याहूनही जुन्या क्रमवारीवरून झाली होती. त्यामुळे आयर्लंड, फ्रान्स, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे चारही बलाढ्य संघ उपांत्यपूर्व फेरीतच एकमेकांपुढे आले. सलग १७ सामने जिंकलेला आयर्लंड पॅरिसला न्यूझीलंडकडून २४-२८ असा हरला. शेवटच्या चढाईत त्याने तब्बल ३७ टप्पे चेंडू राखला होता. उपांत्यपूर्व फेरीतली ही त्याची आठवी हार, म्हणून 'आयरिश मनाची मर्यादा' लगेच शोधली गेली. दक्षिण आफ्रिकेने २९-२८, १६-१५ आणि १२-११ असे तीन सामने एकेका गुणाने जिंकले, आणि तिच्या पोलादी स्वभावाची ग्वाही दिली गेली. एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर पोलाद कोणाच्या वाट्याला आले असते?

वाङ्मयाच्या इतिहासातही आम्ही असेच वागतो. एखादी चळवळ ओसरली की ती ओसरणारच होती असे लिहून मोकळे होतो, आणि तिच्या भरात लोक काय अपेक्षा धरून होते ते वाचायचे राहून जाते. चाहत्यांच्या सामन्यापूर्वीच्या वादांना म्हणूनच दस्तऐवजाचे मोल आहे. त्यांतले बहुतेक अंदाज चुकतात. पण त्या दिवशी काय काय शक्य दिसत होते याची नोंद त्यांच्यातच राहते. निकालाचा वृत्तांत वाचण्यापूर्वी आदल्या आठवड्याची वर्तमानपत्रे उघडावीत, एवढी शिस्त इतिहास लिहिणाऱ्याने पाळायला हरकत नाही.